पाव फेरा

२ फेब्रुवारी, रविवार

पुस्तकाच्या नोंदींची वही निळी आहे. तिच्यात रोपं, उंची, उजेड, सगळं शिस्तीत. ही वही चिडचिडीसाठी. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "मुलांचं पुस्तक आहे, भाषा हसरी ठेवा हं." आता भाषा हसरी ठेवायची तर उरलेलं कुठेतरी सांडायला नको का? म्हणून ही.

विषय त्यांनीच दिला : झाडं उजेडाकडे का वळतात. उभ्या नोकरीत मी हेच तर शिकवलं. शाळेतली मुलं मला पाठीमागे 'कुंडीबाई' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, संपलं, आता कोण विचारतंय कुंडीबाईला! आणि आता हे पुस्तक. सकाळपासून दोनदा आरशात बघून आले.

ताईला सांगितलं तर तिनं टाळी वाजवली. "बारके, लेखिका झालीस की गं!" मी साठी ओलांडली, अंगानं तिच्या दीडपट आहे, तरी तिच्या तोंडी मी बारकीच. म्हणाली, "तू फक्त लिही. स्वयंपाक, बाजार, कुंड्या, सगळं माझ्याकडे." मेव्हणे गेल्यावर ती इथं राहायला आली, तेव्हापासून या घरात दोन बायका आणि एक किटली. त्याआधीची माझी एकटीची वर्षं मला आठवत नाहीत. म्हणजे आठवावीशी वाटत नाहीत.

५ फेब्रुवारी

बुटांची खोकी जमवली. एकाच्या एका बाजूला खिडकी कापली, बाकी सगळीकडून बंद. आत गव्हाचे कोंब. शिवाय काही कोंबांच्या शेंड्यांवर चांदीच्या कागदाच्या टोप्या घालायच्या आहेत. टोपी घातली की कोंबाला उजेड कळत नाही, असं पुस्तकात दाखवायचंय.

टोप्या तांदळाच्या दाण्याएवढ्या हव्यात. हे काम ताईचंच. तिनं लग्नाआधी भरतकाम केलेली चादर अजून माझ्या पलंगावर आहे. तिच्यावरचं एकेक पान उलट बाजूनंही सुलट दिसतं. मी कागद आणि कात्री तिच्यापुढे ठेवली. तिनं कागद बोटांत धरला, चुरगळला, परत सरळ केला आणि म्हणाली, "तूच कर बाई. माझी बोटं जाड झालीत."

जाड! माझ्या बोटांपुढे तिची बोटं म्हणजे काड्या. नको असेल तर सरळ नाही म्हणावं. टोप्या मीच केल्या, त्यातल्या निम्म्या कोंबांच्या नाकाखाली घसरल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आज कुंड्या फिरवायचा वार. पुस्तकात बाबांची पद्धत घालावी का, असं सकाळपासून मनात आहे. इथं लिहून बघते.

बाबांची रोपवाटिका गावाबाहेरच्या रस्त्याला होती. काचेच्या छपराची लांबलचक खोली, पण उजेड मुख्यतः रस्त्याच्या बाजूनं यायचा, कारण बाकी तिन्हीकडे मोठी झाडं. त्यामुळे रोपं रस्त्याकडे माना टाकायची आणि वाकडं रोप गिऱ्हाईक घेत नाही. बाबांनी त्यावर उपाय काढला. प्रत्येक कुंडीच्या काठावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. दर रविवारी प्रत्येक कुंडीला पाव फेरा. या रविवारी ठिपका रस्त्याकडे, पुढच्या रविवारी विहिरीकडे, मग टेकाडाकडे, मग घराकडे. चार रविवारांत रोपाला चारी बाजू मिळाल्या की ते ताठ उभं राहतं. "झाडाचे लाड करा," बाबा म्हणायचे, "पण त्याला एकाच बाजूचं ऐकू देऊ नका." आमच्या आईला हे वाक्य फार आवडायचं. ती ते बाबांच्याच बहिणीच्या बाबतीत वापरायची.

ठिपके द्यायचं काम ताईचं. बारीक कुंचला, एक थेंब, हात हलायचा नाही. डावीकडच्या रांगा तिच्या, उजवीकडच्या माझ्या. "रस्ता, विहीर, टेकाड, घर" असं ओरडत आम्ही पळायचो. ती नेहमी आधी संपवायची आणि मग माझ्या रांगेच्या शेवटाकडून मला भेटायला यायची. मधे कुठेतरी आमचे हात एकाच कुंडीवर पडायचे. ती म्हणायची, "ही तुझी."

रोपवाटिका कधीच गेली. तिथं आता गाड्या उभ्या करतात. पण आमच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकीखाली कुंड्या आहेत, प्रत्येकीवर ठिपका आहे, आणि रविवार आहे. फक्त आता खिडकी, दार, भिंत, कपाट असं म्हणायचं.

१५ फेब्रुवारी

ताईनं चहा ओतताना बोट कपात बुडवलं. एकदा नाही, दोन्ही कपांत. मी बघतच राहिले. म्हटलं, "ताई, आईनं बघितलं असतं तर?" ती म्हणाली, "आईनं चहा गरम आहे का विचारलं असतं." आणि हसली. उत्तर देण्यात तिचा हात कोण धरणार? पण चहा मी पूर्ण प्यायले नाही.

शिवाय पेपर वाचून दाखवणं बंद केलंय. इतकी वर्षं सकाळी मी ओटा पुसायचे आणि ती बातम्या वाचायची, प्रत्येक बातमीला स्वतःची शेपटी जोडून. आता म्हणते, "त्यात असतं काय? तेच ते." मी रेडिओ लावते. निवेदकाला शेपट्या जोडता येत नाहीत.

२१ फेब्रुवारी

निळ्या वहीसाठी चांगला दिवस. खोक्यात नव्यानं लावलेले कोंब खिडकीकडे वळले, असे की जणू कुणी हाक मारलीय. टोपीवाले मात्र ताठ. त्यांच्या अंगावर उजेड भरपूर पडत होता, पण शेंडा झाकलेला, म्हणून त्यांना पत्ताच नाही. उजेड कळतो शेंड्याला आणि वळते ती खालची मान. मुलांना हे फार आवडायचं.

बाकी दिवस वाईट. खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी जिन्यात भेटली. तोंड फुगवलेलं. म्हणाली, "तुमच्या ताई हल्ली ओळख दाखवत नाहीत. काल बाजारात समोरून गेल्या, मी हात केला, तर सरळ पुढे. आमचं काही चुकलं का?" मी सारवासारव केली. घरी येऊन ताईला विचारलं तर म्हणाली, "अगंबाई, ती होती होय!" आणि विषय बदलला. ताईला माणसांचा कंटाळा आलाय हे उघड आहे.

त्या माणसांत मीही आहे का? लिहून टाकते, कारण लिहिलं की जरा लहान होतं. हल्ली ती माझ्याकडे सरळ बघत नाही. मी बोलत असते आणि तिची नजर माझ्या कानाच्या पलीकडे, खिडकीवर, कपाटावर. मान जरा वाकडी. लहानपणी खोटं बोलताना ती अशी बघायची.

२८ फेब्रुवारी

ताई मला टाळते आहे. मी लक्ष ठेवलं. सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसते. मी तिथं जाऊन बसले की थोड्या वेळानं उठते आणि बाहेरच्या खोलीत जाते. दुपारी जेवण झालं की मागच्या गॅलरीत. ऊन तोंडावर घेऊन बसते. मी म्हटलं, "डोकं दुखेल." म्हणाली, "दुखू दे." आमच्याकडे बसायच्या खुर्च्या चांगल्या आहेत, पण तिची ती एकच वेताची खुर्ची घरभर फिरते. फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे उठलेत. अशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी बाई एका घरात फार दिवस राहत नाही.

आणि आज फोन. भाच्याचा होता, म्हणजे तिच्या लेकाचा. मी टेबलाशी लिहीत होते, तिला वाटलं मी आंघोळीला गेलेय. "नाही रे, तिला अजून सांगितलं नाही. पुस्तक होऊ दे तिचं. हो, येते मी तुझ्याकडे. कायमचीच. नाही, इथं नको आता."

इथं नको आता.

मी पेन खाली ठेवलं. नंतर जेवताना विचारलं, "कुणाचा फोन होता?" "चुकीचा नंबर," ती म्हणाली आणि भाजीत मीठ घालायला हात पुढे केला तो भाताच्या ताटलीत. चुकीचा नंबर! माझी बहीण मला सोडून जाणार आहे आणि तिला ते मला सांगायचंही नाही.

३ मार्च

तिच्या लग्नानंतरचा पहिला रविवार आठवला, कारण नसताना. ती गेलेली. रोपवाटिकेत मी माझ्या रांगा फिरवल्या आणि तिच्या रांगांकडे वळले. बाबा म्हणाले, "राहू दे. आठवडाभर त्यांनाही तिच्या वाटेकडे बघू दे." मला तेव्हा हसू आलं होतं, बाबा आणि असलं काही बोलणं! पुढच्या रविवारी डावीकडची सगळी रोपं रस्त्याकडे झुकलेली होती, उजवीकडची ताठ. बाबा बराच वेळ दारात उभे राहिले. मग म्हणाले, "चला, पुरे," आणि मी आणि त्यांनी मिळून फिरवायला सुरुवात केली. माझ्या रांगेच्या शेवटाकडून मला भेटायला कुणी आलं नाही.

८ मार्च

आज संताप झाला. पुस्तकातल्या चित्रासाठी एक सरळ वाढलेलं रोप हवं होतं. खिडकीखालच्या कुंड्यांकडे गेले तर सगळा बाजार वाकडा. बाबांच्या हाताखाली शिकलेल्या दोन बायकांचं घर आणि झाडं बघा. एक खिडकीकडे झुकलेलं, दुसरं दाराकडे, तिसऱ्यानं चक्क भिंतीकडे मान टाकलीय. म्हणजे हिनं कुंड्या फिरवणंही सोडून दिलंय. जायचंच आहे तर कशाला फिरवायच्या, नाही का?

तिला म्हटलं, "कुंड्यांकडे बघ जरा." ती म्हणाली, "बघते की दर रविवारी." इतकं सहज. मी तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं, फोनसकट.

खरं म्हणजे तिनं जावं असं मला अजिबात वाटत नाही. तिच्याशिवाय या घरात मला राहता येणार नाही. इथं लिहिते आहे म्हणून लिहिते, तोंडानं मी हे कधी बोलणार नाही. आमच्यात ती बोलणारी आणि मी फणकारणारी.

१४ मार्च

भाच्याच्या घरी मी एकदा राहिले होते. पोरगा गुणी आहे, सूनही. पण घराच्या सगळ्या खिडक्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडतात. भर दुपारी दिवे लावावे लागतात. मी त्याला म्हटलं होतं, "इथं कोंबही उगवायचा नाही." तो हसून म्हणाला होता, "मावशी, आम्ही उगवलेलेच आलोय." तिथं जाऊन ही काय करणार? वेताची खुर्ची कुठल्या खिडकीशी नेणार?

१९ मार्च

काही तरी कळलंय. नीट लिहायला हवं.

सरळ रोप मिळेना, म्हणून ठरवलं, वाकडंच काढू. वाकडं झाडही काही शिकवतंच. रंगीत पानांच्या कोलियसची कुंडी टेबलावर घेतली. हे झाड भराभर वाढतं, दांडा मऊ, त्यामुळे उजेड जिकडे असेल तिकडची वळणं त्यात राहून जातात. खालपासून पेन्सिलनं काढायला लागले. जमिनीजवळ ताठ. ते गेल्या वर्षीचं. मग एक वळण डावीकडे. वर थोडं उजवीकडे. मग परत डावीकडे, मग पुढे. चित्रात दांडा नागमोडी व्हायला लागला.

मी पेन्सिल ठेवली. फिरवलंच नसतं तर दांडा एकाच बाजूला, खिडकीकडे, सरळ झुकला असता. इतकी वळणं म्हणजे हे झाड फिरवलंय. दर आठवड्याला फिरवलंय. फक्त पाव फेरा नाही. कधी अर्धा, कधी उलटा, कधी जवळजवळ होतं तिथंच. आणि ते भिंतीकडे मान टाकलेलं रोप! भिंतीकडे झुकलेलं रोप म्हणजे खिडकीकडे झुकलं असताना कुणीतरी अर्धा फेरा फिरवलेलं रोप. सातवीतल्या पोरानं सांगितलं असतं. कुंडीबाईंना दिसलं नाही.

पानं बाजूला सारून ठिपके बघितले. प्रत्येक कुंडीचा ठिपका वेगळीकडे. जी बाई डोळे मिटून "रस्ता, विहीर, टेकाड, घर" म्हणू शकते, ती ठिपका का चुकवेल? तिला तो दिसला तर चुकवणार नाही.

मग एकामागून एक सगळं आलं. टोप्या. कपातलं बोट. पेपर. शिवणकामवालीचा हात. भातात घातलेलं मीठ. आणि ती खुर्ची, सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला.

ती माझ्यापासून उठून जात नव्हती. ती उजेडामागे जात होती.

२० मार्च

दुपारी कोलियस घेऊन गॅलरीत गेले. ती उन्हात बसली होती. मी तिच्यापुढे उभी राहिले. "ताई, हातात काय आहे माझ्या?"

"परीक्षा घेतेस?"

"सांग तर."

तिनं मान बाजूला केली. कोंबडी दाणा बघते तशी, एका कडेनं. "कोलियस."

"ठिपका कुठंय?"

ती म्हणाली, "बाबांच्या वेळचे ठिपके मोठे होते गं."

मी कुंडी खाली ठेवली आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले. गुडघे करकरले. विचारलं, केव्हापासून. थंडीत ती लेकाकडे गेली होती ना, तेव्हा त्यानं डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांचे पडदे मधे झिजलेत. चष्म्यानं सुधारत नाही. कडेचं दिसत राहील, उजेड भरपूर असला तर बरं दिसतं, पण मधलं गेलं.

"मधोमध कुणीतरी काहीतरी सांडल्यासारखं असतं," ती म्हणाली. "तुझ्याकडे सरळ बघितलं की तोंडच नाही, नुसते कान."

"माझे कान!"

"मोठेच आहेत ते पहिल्यापासून. जरा बाजूला बघितलं की मग दिसतेस. स्पष्ट नाही, पण तू आहेस एवढं कळतं."

आत्ता लिहिताना मागची पानं उलटून बघितली. ती माझ्याकडे बघत नाही असं मी इथं लिहिलंय. ती सारखी माझ्याकडेच बघत होती.

"मला का सांगितलं नाहीस?" मी विचारलं, जरा मोठ्यानंच.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुस्तक गुंडाळून माझी काठी झाली असतीस. मला काय तू माहीत नाहीस? आयुष्यात पहिल्यांदा तुला कुणी काही लिहायला सांगितलं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मी लेकाकडे जाते, बारके. तो तरुण आहे. तुझ्या म्हातारपणाला माझं म्हातारपण कशाला जोडू? पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतोय तो न्यायला."

मी म्हटलं, "बरं."

२६ मार्च

चांगलं प्रकरण जमलं. आज ते ताईला वाचून दाखवलं, गॅलरीतच. लहानपणी रोपवाटिकेत पाऊस काचेवर वाजायचा आणि ती मला गोष्टी वाचून दाखवायची. भुताची असली की मधेच थांबून कुंड्यांमागे लपायची. आज वाचणारी मी आणि ऐकणारी ती. तिनं मधेमधे शेपट्या जोडल्या. कितीतरी दिवसांनी.

वाचलं ते असं : मुलांनो, आपल्याला वाटतं उजेड रोपाला आपल्याकडे ओढतो. तसं नसतं. उजेड एका बाजूनं आला की वाढीचं द्रव्य सावलीकडच्या बाजूला जास्त जमतं. मग ती बाजू जास्त वाढते, लांब होते आणि शेंड्याला उजेडाकडे झुकवते.

"म्हणजे वळवते ती अंधारातली बाजू?" ताईनं विचारलं.

"हो."

"बिचारी. दुसऱ्याला उजेडात पोचवायचं आणि स्वतः मागे."

"बिचारी कशानं?" मी म्हटलं. "तिचं काही कमी होत नाही. उलट ती वाढते. दोन्ही बाजू एकाच दांड्याच्या आहेत, ताई."

ऊन खुर्चीवरून सरकलं तरी ती उठली नाही. पण संध्याकाळी तिनं बॅग पलंगावर काढून ठेवली आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली. हातानं चाचपत, काठाला काठ लावून. घड्या अजून माझ्यापेक्षा सुबक.

२९ मार्च, शनिवार

राहा म्हणून विनवणी मी करणार नाही. ती राहील ती माझ्या रडण्यासाठी राहील, आणि मग रोज स्वतःला ओझं समजेल. पण एक काम हातात होतं ते केलं. कानस आणली. दुपारी गॅलरीत ती पडली होती तेव्हा बाहेरच्या खोलीत एकेक कुंडी मांडीवर घेऊन काठावर खाच पाडली, नेमकी ठिपक्यावर. मातीची कुंडी कानशीला दाद देते, पण आवाज करते.

गॅलरीतून हाक आली. "काय घासतेस गं?"

"भांडी!"

"कसली भांडी? भांडी अशी रडत नाहीत."

"जुनी आहेत, रडतात," मी म्हटलं. एका कुंडीची खाच फार खोल गेली. मग सगळ्या कुंड्या खिडकीखाली लावल्या, खाच खिडकीकडे करून, जशा गेल्या रविवारी असायला हव्या होत्या तशा. बोटांची सालं निघालीत. पेन धरवत नाही.

३० मार्च, रविवार

भाचा सकाळीच आला. आल्या आल्या मला वाकून मिठी मारली आणि कानात म्हणाला, "मावशी, मी तिला नेतोय असं समजू नकोस. तिनंच ठरवलंय." त्याचेही डोळे लाल. त्याला म्हटलं, "चहा घे आधी." किटली ठेवली. तीन कप काढले आणि उगाच रडू आलं, कारण उद्यापासून एक.

ताई तयार होती. बॅग दाराशी. वेताची खुर्ची भाच्यानं उचलून बॅगेशेजारी ठेवली. ती म्हणाली, "थांब रे, आज रविवार. एवढ्या कुंड्या फिरवते आणि निघू."

पहिल्या कुंडीशी ती वाकली. मान वाकडी करून, कडेनं बघत, बोटं काठावर फिरवली. सवयीनं, ठिपका शोधत. बोट खाचेत अडलं. ती थांबली. परत मागे नेलं, परत खाचेत. मग कुंडी दोन्ही हातांनी धरून तिनं फिरवली. पाव फेरा. खाच दाराकडे.

दुसरी कुंडी. बोट, खाच, पाव फेरा. तिसरी. तिचा वेग वाढला. मला ऐकू आलं, ती पुटपुटत होती, "खिडकी, दार... खिडकी, दार..." आणि मग शेवटच्या काही कुंड्यांना, "रस्ता, विहीर." मी दुसऱ्या टोकापासून सुरू केलं. माझे हात लहानपणी हळू होते तसेच आताही हळू. मधल्या कुंडीवर आमचे हात एकदमच पडले. काठावरची माझी सोललेली बोटं तिच्या हाताखाली आली. तिनं ती एकेक करून चाचपली.

"ही तुझी," ती म्हणाली.

मी फिरवली. खाच दाराकडे.

ती तशीच बसून राहिली. भाचा कप हातात धरून उभा. मग ती त्याला म्हणाली, "चहा घेतलास का? घे आणि जा सावकाश. सुनेला सांग, उन्हाळ्यात पोरांना घेऊन इकडे या. तुमच्या घरी उजेड नाही."

"आई, अगं पण..."

"आणि ती खुर्ची गॅलरीत ठेव जाताना."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? मी फणकारणारी. मी म्हटलं, "कुणाला थांबायचं असेल तर थांबावं, माझी काही हरकत नाही."

"ही या कुंडीची खाच फार खोल गेलीय," ताई म्हणाली. "तडकेल. तुला सांगितलं होतं ना लहानपणी, हात हलका ठेव."

"तू नीट करून दाखव मग."

"दाखवते की."

भाच्यानं बॅग उचलून आत नेली. तो हसत होता की रडत होता ते पाठमोऱ्याचं कळलं नाही. ताई गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि माझ्याकडे तोंड केलं. मी तिच्या बरोबर समोर उभी होते, म्हणजे तिला नुसते कान. ती मान वळवायला लागली.

तेवढ्यात मीच बाजूला सरकले. खिडकीच्या उजेडात, तिच्या नजरेच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"हां," ती म्हणाली. "आता दिसलीस. केस विंचर."